दुभाषकाचा परवाना: इलिनॉयमधून एक पत्र

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. आई आणि वडील दोघेही बधिर, त्यामुळे तुझी पहिली भाषा हातांची; सातव्या वर्षी पुण्यातल्या बँकेच्या खिडकीपाशी टाचा उंचावून तू वडिलांचे म्हणणे कारकुनाला सांगत होतीस; पुढे वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतून भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाषणाची पदविका घेतलीस आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीही केलीस. एवढे गाठीशी असताना शिकागोतल्या दुभाषक पुरवणाऱ्या कंपनीने राज्याचा परवाना नाही म्हणून तुला काम नाकारले. आईच्या मांडीवर बसून जे आपण शिकलो त्याची परीक्षा परक्या माणसांनी का घ्यावी, असे तू विचारतेस. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याआधी मला माझी एक चूक सांगावी लागेल, कारण परवान्याविषयीचे माझे मत त्या चुकीतूनच घडले आहे.

ही 2005 सालची गोष्ट. इलिनॉयमध्ये तेव्हा दुभाषकाला परवाना लागत नसे. मी संध्याकाळच्या वर्गांत अमेरिकन सांकेतिक भाषा शिकत होते, आणि ‘हिला खुणा येतात’ एवढ्या शिफारशीवर एका रुग्णालयाने मला एका बधिर गृहस्थांच्या भेटीच्या वेळी बोलावले. गाठीचा अहवाल ‘निगेटिव्ह’ आला आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. आजार आढळला नाही, हा त्या शब्दाचा वैद्यकीय अर्थ मला ठाऊक होता. पण मी घाबरलेली होते, हात त्या शब्दाच्या रोजच्या अर्थाकडे वळले आणि मी ‘वाईट’ अशी खूण केली. गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आले. ते सुटकेचे अश्रू आहेत असे डॉक्टरांना वाटले. त्यांनी गृहस्थांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि ते पुढच्या रुग्णाकडे गेले. संध्याकाळी त्या गृहस्थांच्या बहिणीने रुग्णालयात फोन केला तेव्हा खरे काय ते उघड झाले. मध्ये पाच तास गेले होते, आणि त्या पाच तासांचा विचार मी आजही करते.

डॉक्टरांना माझे हात वाचता येत नव्हते आणि रुग्णाला डॉक्टरांचा शब्द ऐकू येत नव्हता; दोन्ही बाजू कळणारी त्या खोलीत मी एकटीच होते आणि चूकही माझीच होती. शिंप्याने माप चुकवले तर कपडा अंगात घालताक्षणी कळते. दुभाषकाची चूक मात्र जिच्यावर कोसळते त्या व्यक्तीलाही ती चूक आहे हे कळत नाही. म्हणून कुणीतरी आधी, खोलीच्या बाहेर, शांतपणे तपासून घ्यावे लागते. परवाना म्हणजे तेवढेच. तो तुझ्या आईच्या भाषेवर घेतलेला संशय नाही. तुला न ओळखणाऱ्या बधिर माणसाला तुझ्यावर विसंबता यावे म्हणून राज्याने केलेली ती सोय आहे.

ही सोय नसली की काय होते, ते सप्टेंबर 2017 मध्ये फ्लोरिडाच्या मॅनेटी काउंटीत साऱ्या देशाने पाहिले. इर्मा चक्रीवादळ येत असताना अधिकाऱ्यांच्या दूरचित्रवाणीवरील सूचनांसाठी काउंटीचाच एक कर्मचारी दुभाषक म्हणून उभा करण्यात आला. स्थलांतराच्या सूचनेच्या जागी बधिर प्रेक्षकांना ‘पिझ्झा’, ‘राक्षस’ असले असंबद्ध शब्द दिसत राहिले. त्याचा भाऊ बधिर होता, त्याला घरगुती खुणा येत होत्या, आणि फ्लोरिडात दुभाषकांसाठी राज्य परवान्याचा कायदा नव्हता. घरात खुणा येणे आणि दुभाषण करणे यांतले अंतर तू पदविका घेताना अनुभवले आहेस, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

आता कायद्याकडे वळू. भारतात पुनर्वास परिषदेचा 1992 चा कायदा साऱ्या देशाला एकच आहे, त्यामुळे इथेही एखादी राष्ट्रीय नोंदवही असेल असे तुला वाटणे स्वाभाविक आहे. तशी ती नाही. 1990 चा अपंगत्वविषयक केंद्रीय कायदा रुग्णालये, न्यायालये आणि सरकारी कार्यालये यांच्याकडून ‘पात्र’ दुभाषकाची अपेक्षा करतो आणि पात्र म्हणजे जो परिणामकारक, अचूक आणि निःपक्षपाती दुभाषण करतो, समोरच्याचे समजून घेतानाही आणि त्याला समजावतानाही, शिवाय त्या विषयाची खास शब्दसंपत्ती ज्याच्याजवळ आहे तो, असे सांगतो. व्याख्या सुरेख आहे. पण ही पात्रता कुणी आणि कशी तपासायची हे तिच्यात नाही. ती पोकळी राज्यांनी आपापल्या परीने भरली, काहींनी भरलीच नाही. त्याच कायद्याच्या 2010 साली सुधारलेल्या नियमांत असेही आहे की, तातडीचा प्रसंग वगळता लहान मुलाला दुभाषक म्हणून वापरू नये. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला तुझ्यासारखी अनेक मुले आठवली, ज्यांनी आईवडिलांच्या आजाराच्या बातम्या त्यांच्याआधी ऐकल्या.

तू राहतेस त्या इलिनॉयने 2007 साली दुभाषकांच्या परवान्याचा कायदा केला, आणि त्याची अंमलबजावणी डेफ अँड हार्ड ऑफ हिअरिंग कमिशन या राज्याच्या आयोगाकडे आहे. परवान्याच्या प्रोव्हिजनल, इंटरमीजिएट, ॲडव्हान्स्ड आणि मास्टर अशा चढत्या पातळ्या आहेत. कोणती पातळी मिळणार हे तुझ्या प्रमाणपत्रावर ठरते. प्रमाणपत्र आणि परवाना या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आधी मनात पक्के कर. नवखी माणसे इथेच गोंधळतात. प्रमाणपत्र तुझे कौशल्य सांगते आणि ते परीक्षा घेणारी संस्था देते. परवाना तुला त्या राज्यात मोबदला घेऊन काम करण्याची मुभा देतो आणि तो राज्य देते.

परीक्षांचे मुख्य मार्ग दोन आहेत. पहिला बीईआय, म्हणजे टेक्सास राज्याने उभारलेली आणि पुढे इलिनॉयसह इतर काही राज्यांनी स्वीकारलेली परीक्षा. तिच्यात आधी इंग्रजीची लेखी चाचणी असते आणि ती उत्तीर्ण झाल्यावरच हातांची परीक्षा देता येते. आपल्याकडून आलेल्यांना वाटते की इंग्रजीत काय अवघड असणार. पण तिथे वाक्प्रचार आणि अर्थाच्या बारीक छटा विचारतात, म्हणून ती हलकी घेऊ नकोस. दुसरा मार्ग राष्ट्रीय प्रमाणपत्राचा, एनआयसीचा. हे प्रमाणपत्र आरआयडी ही दुभाषकांची राष्ट्रीय संस्था देते. 1964 साली इंडियाना राज्यातल्या मन्सी गावी भरलेल्या एका कार्यशाळेतून ती जन्माला आली. ऐकू येणाऱ्या उमेदवारांना 2012 पासून पदवीची अट लागू झाली, तेव्हा पुणे विद्यापीठाच्या पदवीचे मूल्यांकन वेळेत करून घे. प्रमाणपत्र टिकवण्यासाठी दर चार वर्षांत 80 तासांचे पुढचे शिक्षणही पूर्ण करावे लागते. यांतले काहीही सुरू करण्याआधी तुझ्या व्हिसावर काम करण्याची परवानगी आहे की नाही, एवढे मात्र वकिलाकडून लेखी घे.

एक गोष्ट तुला बोचेल, पण सांगते. भारतीय सांकेतिक भाषा आणि अमेरिकन सांकेतिक भाषा या दोन स्वतंत्र भाषा आहेत. इथल्या भाषेची मुळे फ्रान्समध्ये आहेत: लॉरां क्लेर हे बधिर फ्रेंच शिक्षक इथे आले आणि 1817 मध्ये हार्टफर्डला शाळा सुरू झाली, तिथून ती वाढली. आपली बोटांची मुळाक्षरे दोन हातांची, इथली एका हाताची. ओघवती मराठी येते म्हणून कुणाला तामिळमध्ये साक्षीपुरावा मांडता येत नाही. तरीही तुझ्या डोळ्यांना चेहऱ्यावरचे व्याकरण वाचायची जी सवय आहे ती माझ्यासारखीला दहा वर्षांतही मिळाली नाही, म्हणून तुला ही भाषा माझ्यापेक्षा लवकर येईल. ती वर्गात शीक, पण बधिर माणसांच्या संगतीत जास्त शीक.

राज्यांच्या सीमांविषयी विशेष सावध राहा. मिसिसिपी नदीच्या अलीकडे ईस्ट सेंट लुइस इलिनॉयमध्ये आहे आणि पलीकडे सेंट लुइस मिझुरीत. पूल ओलांडायला काही मिनिटे लागतात, पण इलिनॉयचा परवाना पुलापलीकडे आपोआप लागू होत नाही. मिझुरीला स्वतःच्या आयोगाने मान्य केलेले प्रमाणपत्रही लागते आणि दुभाषकांच्या राज्य समितीचा परवानाही. उत्तरेला विस्कॉन्सिनमध्ये 2010 पासून वेगळा परवाना आहे. याउलट कॅलिफोर्नियासारख्या प्रचंड राज्यात सर्वसाधारण परवाना नाही. तिथल्या शाळांतल्या दुभाषकाला मात्र पात्रतेची अट आहे, आणि त्यासाठी ईआयपीए या शालेय दुभाषकांच्या परीक्षेत 5 पैकी 4 गुण हा एक मान्य मार्ग आहे. पडद्यावरून दुभाषण करताना तू घरात बसलेली असलीस तरी बधिर व्यक्ती कोणत्या राज्यात आहे हे आधी विचार, कारण काही राज्ये काम तिथे घडले असे मानतात. कंपनी सांगते तेवढ्यावर विसंबू नकोस. कायद्याचा मजकूर स्वतः वाच. तो पंधरा-वीस पानांचाच असतो.

बहुतेक कायद्यांत काही सवलती असतात: धार्मिक विधी, खरोखरीची तातडी, शिकाऊ विद्यार्थ्यांनी देखरेखीखाली केलेले काम. मंदिरातल्या सत्यनारायणाच्या पूजेला तू खुणा करून कथा सांगितलीस तर हरकत नाही. पण त्याच मंदिराच्या आवारात आरोग्य शिबिर भरले आणि तिथे डॉक्टर औषधाची मात्रा सांगत असतील, तर ते धार्मिक काम राहत नाही. लोक प्रेमाने आग्रह करतील, ‘तू आपलीच आहेस, दहा मिनिटांचे तर काम’ म्हणतील. तेव्हा नाही म्हण, आणि परवानाधारक दुभाषक मिळेपर्यंत त्या बधिर व्यक्तीजवळ बसून राहा.

न्यायालय आणि पोलिस चौकशी यांचा विचार पहिली काही वर्षे करू नकोस. इथे वरच्या पातळीचा परवाना आणि कायद्याचे वेगळे प्रशिक्षण असल्याखेरीज ती कामे घेता येत नाहीत, आणि तसेच असायला हवे. लांबलेल्या कामात दोन दुभाषकांनी साधारण वीस-वीस मिनिटांनी पाळी बदलायची असते, कारण थकलेला मेंदू गाळू लागतो आणि गाळतो आहे हे त्याला स्वतःला कळत नाही. एकटीला दोन तास उभे करणारे काम परवान्याच्या चौकटीत बसत असले तरी घेऊ नकोस.

शेवटी तुझ्या भारतीय सांकेतिक भाषेविषयी. गेल्या वर्षी इथल्या एका रुग्णालयात महाराष्ट्रातून मुलाकडे आलेल्या एका बधिर आजी होत्या. त्यांना अमेरिकन खुणा येत नव्हत्या, लिहिता-वाचताही येत नव्हते. अशा वेळी इथे प्रमाणित बधिर दुभाषक बोलावतात: स्वतः बधिर असलेला, हावभाव, चित्रे आणि घरगुती खुणा यांतून अर्थापर्यंत पोचणारा व्यावसायिक. तो आजींशी बोलत होता आणि मी त्याचे इंग्रजीत आणत होते. चाळीस मिनिटांनी आजींनी पहिल्यांदा आपणहून प्रश्न विचारला: ऑपरेशननंतर हातांवर पट्टी बांधणार का, कारण हात बांधले तर बोलणार कसे. त्या खोलीत तू परवान्यासह असायला हवी होतीस, असे मला तेव्हा फार वाटले. तशा आजी पुन्हा येतील.

आयोगाच्या संकेतस्थळावरचा अर्ज आणि बीईआयची माहितीपुस्तिका या आठवड्यात वाचून काढ. जिथे शंका येईल तिथे समासात खूण कर आणि ती पाने मला पाठव. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या गावातल्या बधिर मंडळींचे कॉफीला जमणे असते. मी तुझ्याविषयी त्यांना सांगितले आहे आणि ते वाट पाहत आहेत.

तुझी हितचिंतक