शाळा बघायला गेलात, तेव्हा मुलं कुठे होती?

दिवाळी उरकली की माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या आईबाबांचा विषय बदलतो. तोवर जेवणाचे नखरे, मोबाइल, हट्ट असं काहीबाही चाललेलं असतं. नोव्हेंबरपासून एकच विषय, नर्सरीचे फॉर्म. ‘खेळायलाच पाठवायचं तर एवढी फी कशाला भरायची?’ इथून सुरुवात होते आणि ‘आत्ता लिहायला लागला नाही तर पहिलीत मागे पडेल ना?’ इथे गाडी येऊन थांबते. विचारणारे आयटीतले असतात, दुकान चालवणारेही असतात. धास्ती तीच.

अशाच एका जोडप्याबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पुण्याच्या उपनगरात राहणारे, आई बँकेत, बाबा इंजिनिअर, घरात आजी. मुलगा जूनमध्ये तीन वर्षांचा होणार होता, त्याला आपण सोनू म्हणू. दोन शाळा निवडलेल्या होत्या. एक मोठी, बसने जायची, पहिल्याच वर्षी एबीसीडी पूर्ण करून घेणारी. दुसरी दोन गल्ल्या सोडून एका जुन्या बंगल्यातली बालवाडी. बाबा पहिलीच्या बाजूने, आई दुसरीच्या. घरातलं बोलणं आजीमार्फत चाललेलं.

बाबांनी मोबाइलवर तक्ता करून आणला होता. फी, सीसीटीव्ही, स्मार्टबोर्ड, इंग्रजी, बस, सगळ्याला रकाने. तक्ता खरंच चांगला होता. मी विचारलं, “आणि तिथली मुलं कशी वाटली?”

दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

“तिकडे शनिवारी गेलो होतो,” बाबा म्हणाले. “सुट्टी होती.”

“बालवाडीत दुपारी गेलो,” आई म्हणाली. “घरी गेली होती सगळी.”

हे मी नेहमी ऐकते. पालक शाळेची इमारत बघून येतात. भिंतीवरची फुलपाखरं, रंगीत खुर्च्या, झालंच तर मुख्याध्यापिकेचं इंग्रजी. मी दोघांना सांगितलं, शाळा चालू असताना जा, आणि जमलं तर डब्याच्या वेळेला जा. सुरक्षेचं कारण देऊन कुणी वर्गात बसू देणार नाही, ते बरोबरच आहे. पण दारातून, खिडकीतून दहा-पंधरा मिनिटं दिसतंच. सकाळी मुलं सोडायच्या वेळी फाटकाशी उभं राहिलं तरी पुष्कळ कळतं.

पुढच्या भेटीत आईच बोलत होती. मोठ्या शाळेतल्या टीचर प्रेमळ होत्या, पण मुलं खूप आणि वही संपवायची घाई. सगळी मुलं ठिपके जोडत होती. एकाने रेघ भलतीकडे नेली, तर टीचरनी त्याचा हात धरून स्वतःच गिरवून टाकली. मग बालवाडी.

“तिथे एका मुलीला डबा उघडेना,” आई म्हणाली. “ती ताईंकडे घेऊन गेली. मला वाटलं उघडून देतील. तर त्यांनी झाकणाची फक्त एक कड सैल केली आणि डबा परत तिच्या हातात दिला. तिने उघडला. आणि मग शेजारच्या मुलाचाही उघडायला गेली!”

मला जे तासभर समजावून सांगावं लागलं असतं, ते या आईने एका झाकणात पाहिलं होतं. मूल एकट्याने करू शकत नाही, पण थोड्या मदतीने करू शकतं, त्या नेमक्या जागी हात द्यायचा आणि लगेच काढून घ्यायचा. व्हायगॉट्स्की नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञाने हे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मांडलं. तो माझा आवडता, त्यामुळे मी खूश झाले हे कबूल करते.

बाबा मात्र खूश नव्हते. “डबा ठीक आहे मॅडम. पण पहिलीत डबा उघडायची परीक्षा नसते.”

मी हसले. मग मनगटाचं सांगितलं. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेमध्ये त्यांतली साधारण तीन-चारच दिसतात, बाकीची अजून मऊ कूर्चेची असतात. त्या हातात पेन्सिल कोंबण्याआधी कणीक, माती, मणी ओवणं, बटण लावणं, डब्याचं झाकण यायला हवं. लिहिण्याची तयारी तीच.

त्यांना पटलं, पण चेहरा तसाच. म्हणून विचारलं, “तुम्ही शाळेत कधी गेलात?”

“सहाव्या वर्षी. गावात बालवाडी कुठली? थेट पहिली, जिल्हा परिषदेची.”

“मग मागे पडलात?”

“नाही. चौथीपर्यंत पहिला नंबर.” जरा वेळ गेला. “अकरावीत पडलो. शहरात आलो, सगळं इंग्रजीत. वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही मी.”

आईने वळून त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला हे माहीत नव्हतं.

माझ्या कामातला हा क्षण मला फार प्रिय आहे. इतका वेळ खोलीत तीन वर्षांच्या सोनूबद्दल बोलणं चाललं होतं, पण खुर्चीत बसून घाबरत होता सोळा वर्षांचा मुलगा. ‘मागे पडेल’ हे शब्द कानावर पडले की कोण, कधी, कुठे मागे पडलं होतं, ते मी शोधते. बहुतेकदा सापडतं. सापडलं की नर्सरीच्या फॉर्मवरचं ओझं उतरतं, आणि मग शांतपणे शाळा निवडता येते.

त्यांना घरी एक काम दिलं: जेवणाची पानं सोनूला घ्यायला सांगा. आठवड्याने बाबाच सांगत होते. “आजी, आई, बाबा, मी म्हणत चार ताटल्या आणल्या. मग काका आले, तर न सांगता पाचवी घेऊन आला. म्हणजे याला बेरीज येते की!” तोवर ते त्याच्याकडून एक ते पन्नास पाठ करून घेत होते.

खेळ ही श्रीमंत शाळांची चैन आहे, असंही पुष्कळांना वाटतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला अनुताई वाघांच्या साथीने आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. त्यांची साधनं शंख-शिंपले, बिया, पानं, खडे. अंगणात मुलं जमवली म्हणून अंगणवाडी, गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणशाळा. आज सरकारी कागदही तेच म्हणतो: 2020 च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे, आणि 2022 च्या त्याच्या आराखड्यात या टप्प्यातल्या मुलांच्या परीक्षा घेऊच नका असं स्पष्ट आहे. पहिलीत जाताना मूल साधारण सहा वर्षांचं असतं. तीन वर्षं हातात आहेत हो!

पण ‘प्ले-वे’ अशी पाटी लावून दिवसभर टीव्हीवर बडबडगीतं लावणाऱ्या शाळाही मी पाहिल्यात. मुलं नुसती सोडून दिली म्हणजे खेळातून शिक्षण होत नाही. रोज गोष्ट सांगतात का, आणि ती ऐकताना मुलं मध्येच बोलली तर चालतं का, हे बघा. ‘क’ने सुरू होणारी नावं शोधा, टाळ्या वाजवून ‘ब-टा-टा’ असा शब्द तोडा, असे कानाचे खेळ घेतात का? पुढचं वाचन त्यावर उभं राहतं. मोठ्या गटात अक्षरं यावीत, जरूर यावीत. ताई घरच्या भाषेत बोलतात का? संडासाजवळ मावशी असते का? चड्डी ओली झालेल्या मुलाशी ती कशी बोलते? हा शेवटचा प्रश्न माझ्या लेखी स्मार्टबोर्डपेक्षा मोठा आहे. आणि अंतर! तीन वर्षांच्या मुलाला बसमध्ये पाऊण तास बसवू नका, शाळा कितीही नामांकित असो.

सोनू बालवाडीत गेला. इंग्रजीचं काय, हे बाबांनी ताईंना भेटून स्वतःच विचारलं. तिथे गाणी, गोष्टी मराठीत आणि थोड्या इंग्रजीत असतात, एवढ्यावर त्यांचं समाधान झालं. जूनमध्ये तो रडला, आणि भरपूर रडला. त्यावरून पुन्हा माझा फोन वाजला, तेव्हा सांगितलं ते इथेही सांगते. लपून पळून येऊ नका. ‘डबा खाऊन झाला की आजी येईल’ असं त्याला कळेल ते सांगा, टाटा करा, निघा, आणि आजी त्याच वेळेला फाटकाशी हजर हवी. ताईंना विचारा, आम्ही गेल्यावर किती वेळात शांत होतो? हा वेळ आठवड्यागणिक कमी होत असेल तर निर्धास्त राहा. महिना होऊन गेला तरी तेवढाच असेल, घरी झोप-जेवण बिघडलं असेल किंवा एखाद्या माणसाचं नाव काढलं की मूल दचकत असेल, तर ‘सवय होईल’ म्हणत बसू नका. त्याच दिवशी शाळेत जाऊन बोला.