मिस्त्रीने इंजिन बिघडवलं, आता गाडीही देत नाही

प्रश्न: आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. जुनी बोलेरो आहे. गरम होत होती म्हणून जवळच्या गॅरेजात टाकली. मिस्त्रीने हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवून फेसिंग केलं, म्हणजे ते घासून सपाट केलं, आणि हेडखालचं गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारा पातळ थर, नवीन टाकलं असं सांगितलं. 22,000 ठरले. 14,000 फोन-पेने दिले, बाकीचे 8,000 कापूस विकल्यावर द्यायचे होते. बिल दिलं नाही. चार दिवसांनी आईला डोळे दाखवायला यवतमाळला नेताना इंजिनाच्या गरमीचा काटा वर गेला आणि गाडी बंद पडली. मिस्त्रीनेच ती ओढून गॅरेजात नेली. ओळखीच्या एका ड्रायव्हरने पाहिलं तर रेडिएटरच्या होस पाइपची (पाण्याच्या रबरी नळीची) क्लिप ढिली होती. आता मिस्त्री म्हणतो, "काटा वर गेला तवाच काहून नाही थांबवली? इंजिन तुम्हीच जाम केलं." नवीन कामाचे 35,000 मागतो आणि जुने 8,000 दिल्याशिवाय गाडी नेऊ देत नाही. पोलिसांत जाऊ का? गाडीवर कधीकधी गावातले पेशंट भाड्याने नेतो. ते बुडालेलं भाडं मागता येईल का?

उत्तर: भाऊ, आधी एकच काम करा. त्या मिस्त्रीला इंजिन पुन्हा खोलू देऊ नका. तुमच्याकडे बिल नाही, तरी प्रकरण मजबूत आहे, कारण पुरावा त्या इंजिनातच आहे. ते एकदा उघडून नीट बसवलं की क्लिप ढिली होती हे कोणालाच दाखवता येणार नाही. अशी प्रकरणं कायद्यापेक्षा पुराव्यावर जास्त हरतात. सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराची असते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. नुसतं "गाडी बंद पडली" म्हणून भागत नाही. ती मिस्त्रीच्या कामामुळे बंद पडली हे दाखवावं लागतं.

म्हणून उद्याच दोन माणसं घेऊन गॅरेजात जा आणि मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा. गाडीचा नंबर, किलोमीटरचा आकडा, मग बोनेट उघडून ती क्लिप. स्क्रू किती सैल आहे ते जवळून दिसलं पाहिजे. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून ऑइलचा रंग घ्या. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असेल, तर त्यात पाणी गेल्याची ती मोठी खूण आहे आणि बोट गॅस्केटकडे किंवा हेडकडे जातं. व्हिडिओ मूळ फोनमध्येच ठेवा, काटछाट करू नका. पुढे त्याच्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागू शकतं. फोन-पेची नोंद आणि मिस्त्रीसोबतचं व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणंही तसंच जपा.

त्यानंतर तटस्थ माणसाकडून तपासणी. कंपनीचं सर्व्हिस सेंटर, विम्यासाठी नुकसान मोजणारा परवानाधारक सर्व्हेअर किंवा शासकीय तंत्रनिकेतनातले ऑटोमोबाइल जाणणारे प्राध्यापक, यांपैकी कोणीही चालेल. हेड त्यांच्यासमोर उतरवा आणि मिस्त्रीला त्या दिवसाची लेखी सूचना द्या. तो आला नाही तर तो त्याचा प्रश्न. अहवालात तीन गोष्टी हव्यात: गॅस्केट खरंच नवीन होतं का, हेड सपाट होतं का, आणि पाणी कुठून गेलं. फेसिंग बाहेरच्या लेथवर झालं असेल, तर त्या लेथवाल्याकडे तारखेची नोंद मिळते का बघा. फेसिंग झालंच नव्हतं, असंही निघू शकतं.

आता गाडी अडवण्याचं. मिस्त्रीला असा हक्क मुळातच नसतो, असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. करार अधिनियम 1872 च्या कलम 170 प्रमाणे, वस्तूवर कारागिरी करणाऱ्याला मेहनताना मिळेपर्यंत ती ताब्यात ठेवता येते. पण त्याच कलमात दोन उदाहरणं दिली आहेत. हिऱ्याला पैलू पाडून देणारा जवाहिऱ्या पैसे मिळेपर्यंत हिरा ठेवू शकतो. मात्र ज्या शिंप्याने कोट शिवून लगेच द्यायचा आणि पैसे तीन महिन्यांनी घ्यायचे असं कबूल केलं, त्याला कोट अडवता येत नाही. तुमचे 8,000 कापूस विकल्यावर द्यायचे ठरले होते, म्हणजे तुमचा मिस्त्री दुसऱ्या उदाहरणातला. शिवाय त्याने गाडी एकदा तुमच्या हवाली केली होती. ताबा सोडला की त्या कामापुरता हा हक्क साधारणपणे संपतो. कापसाची बोली व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा कोणासमोर झाली असेल, तर ती या प्रकरणात फार मोलाची आहे.

तरीही गाडी तातडीने हवी असेल, तर माझं मत असं की 8,000 भरून गाडी बाहेर काढा. फक्त रोख देऊ नका. फोन-पेने द्या आणि आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा, "काम सदोष आहे, ही रक्कम मान्य नाही, गाडी सोडवण्यासाठी माझे हक्क राखून देत आहे." नंतर ती परत मागता येते. नवीन 35,000 ला मात्र होकार देऊ नका, तोंडीही नाही.

पोलिसांत जाण्याची घाई करू नका. हलगर्जीपणाने काम करणं म्हणजे फसवणुकीचा गुन्हा नव्हे. त्यासाठी सुरुवातीपासून बेइमानीचा हेतू दिसावा लागतो. जुनंच गॅस्केट ठेवून नव्याचे पैसे घेतले असं अहवालात निघालं, तर विचार बदलता येईल.

तुमचं खरं ठिकाण ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 मध्ये काही पैसे दिलेले आणि काही द्यायचे बाकी असलेला माणूसही ग्राहकच धरला जातो. बिल न देणं ही याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, म्हणजे बिल नसल्याचा तोटा तुमच्यापेक्षा मिस्त्रीला जास्त. तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे यवतमाळच्या जिल्हा आयोगात, तक्रार करता येते. इतक्या लहान रकमेला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची. गाडी अडवून ठेवली असेल तर कलम 38 खाली अंतरिम (निकालाआधीचा) आदेशही मागता येतो.

तुमची दुबळी बाजूही ऐका. काट्याबद्दल मिस्त्री जे बोलतो ते पोकळ नाही. काटा लाल खुणेपर्यंत गेल्यावरही तुम्ही बरंच अंतर गाडी हाकली असेल, तर नुकसानीचा काही भाग तुमच्या माथी येईल, कारण नुकसान वाढू न देण्याची काळजी दोघांनीही घ्यायची असते. किती वेळात थांबलात, बाजूला घेण्याजोगी जागा होती का, हे खरं तसं आजच लिहून ठेवा. आईचंही म्हणणं नोंदवा. त्या गाडीत होत्या. आणि जुन्या गाडीला नवीन इंजिनाची किंमत मागू नका. दुरुस्तीचा अंदाजपत्रकाप्रमाणे खर्च, दिलेली मजुरी, तपासणीचा खर्च, त्रास आणि तक्रारीचा खर्च, एवढं मागा. फुगवलेली मागणी तक्रारीचं वजन घालवते.

भाड्याचं मागूच नका. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीवर परमिटशिवाय भाडं घेणं मोटार वाहन कायद्यात बसत नाही, आणि बेकायदा कमाईची भरपाई कोणतंही न्यायपीठ देणार नाही. उलट मिस्त्रीचा वकील तोच मुद्दा धरून, गाडी धंद्यासाठी वापरता म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असं म्हणेल. आयोगाने विचारलं तर खोटं बोलू नका, कधीतरी नेतो असं सांगा.

मिस्त्री जवळचाच आहे, उद्या ट्रॅक्टर अडला तर त्याचीच गरज पडेल. त्यामुळे तक्रारीआधी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून लोकअदालतीत तडजोड होते का पाहा. फी लागत नाही, आणि तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही. चहाच्या टपरीवरची तोंडी तडजोड मात्र नको. त्याने फुकट दुरुस्तीची तयारी दाखवली तरी तारीख, कोणते पार्ट आणि किती महिन्यांची हमी, हे त्याच्या सहीने कागदावर घ्या. आणि तेही तपासणीचा अहवाल हातात आल्यावरच.