घाण्याचा बैल की मौत का कुआं?

प्रश्न : मी इंदूरच्या रामबागेत राहते, वय ६१, बँकेतून रिटायर. भाचा अमेरिकेत शार्लटला असतो, त्याने व्हिडिओ कॉलवर नॅसकारची (तिकडची गोल ट्रॅकवरची गाड्यांची) रेस दाखवली आणि मला चक्क आवडली. मग जूनमध्ये ती फ्रान्सची ले मान्सची २४ तासांची पण लावली, पण कोण पुढे कोण मागे काही कळेना. आमचे हे म्हणतात घाण्याच्या बैलासारखे गोल गोल फिरतायत, त्यात बघायचं काय! सुरुवात कुठून करू आणि रात्रभर जागायचं का?

उत्तर : काकू, आधी काकांचं बघू. मेळ्यातला मौत का कुआं त्यांनी बघितलाच असेल, मोटरसायकल भिंतीवर चढते ती खाली पडत नाही कारण वेग आहे. नॅसकारचा डेटोनाचा ट्रॅक त्याचाच सावत्र भाऊ समजा, वळणं ३१ अंशांनी कललेली, म्हणून गाड्या ब्रेक न लावता सुसाट जातात. एक लॅप (फेरी) ४ किलोमीटरचा आणि तिथल्या डेटोना ५०० रेसमध्ये असे २०० लॅप, म्हणजे ५०० मैल. आता खरी गंमत हवेची. एकटी गाडी हवा कापत दमते, पण दोघी नाकाला शेपूट लावून पळाल्या की दोघींचाही वेग वाढतो, म्हणून ज्याला हरवायचंय त्याच्याशीच तासभर दोस्ती ठेवावी लागते आणि शेवटच्या लॅपला कोण कोणाला सोडून बाहेर निघतो ते बघायचं. घाण्याच्या बैलाला हे राजकारण कुठून जमणार!

पिवळा झेंडा निघाला की चिडू नका. कोणी आपटलं की सगळे हळू होऊन एकामागे एक लागतात, वीस सेकंदांची कमाई गेली पाण्यात. मलाही आधी हा अन्याय वाटायचा, आता त्याचीच वाट बघतो, कारण सगळे पिटमध्ये (ट्रॅकशेजारी टायर-पेट्रोल घ्यायच्या जागी) धावतात आणि कोणी चार टायर बदलतो, कोणी दोनच बदलून पटकन पुढे सटकतो. रेस बरेचदा तिथेच फिरते.

आता ले मान्स. (म्हणायचं ल मां, शेवटचा स मुका.) तुम्हाला कळलं नाही कारण तुम्ही पहिला कोण ते शोधत होतात. तिथे साठेक गाड्या आणि तीन रेसी एकाच रस्त्यावर, सगळ्यात वेगवान हायपरकार, मग एलएमपी२ (रेससाठीच बनवलेल्या, पण जरा हळू), मग शोरूममधल्या गाड्यांवरून बनवलेल्या जीटी३. त्यामुळे जीटी३ वाला ओव्हरऑल चाळिसावा असून आपल्या क्लासात पहिला असू शकतो. म्हणून एक नंबर धरा, एकच. रंग आवडला म्हणून धरला तरी चालेल. एका गाडीत तीन ड्रायव्हर आळीपाळीने, आणि सहा तासांत चार तासांपेक्षा जास्त कोणालाच चालवता येत नाही. आपली गाडी कधी पिटला गेली, आत कोण बसला एवढंच बघत रहा, बाकीचं आपोआप कळायला लागतं.

जागायचं म्हणाल तर अजिबात नाही. अनंत चतुर्दशीच्या झांक्या आपण सगळ्या बघतो का? मिलच्या दोन-तीन बघितल्या, सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन खाल्लं, परत येऊन उभे राहिलो. तसंच करा. रेस शनिवारी आपल्या साडेसातला सुरू होते, दोन तास बघा आणि झोपा, सकाळी साडेनऊला पोहे-जिलबी घेऊन बसा, तेव्हा तिथे उजाडत असतं आणि गाड्यांचे चेहरे किडे-माती-तेलाने काळे झालेले असतात, मला तोच भाग सगळ्यात आवडतो. फक्त रविवारी संध्याकाळचा शेवट चुकवू नका. २०१६ ला टोयोटा जिंकतच होती, २४ तासांतली जेमतेम तीन मिनिटं उरली आणि गाडी बंद पडली, पोर्शे जिंकली.

आणि हो, तुमचे दोन्ही छंद एकदा भेटलेत. २०२३ ला नॅसकारची एक कॅमारो गाडी खास पाहुणी म्हणून ल मांला धावली, नॅसकारचा चॅम्पियन जिमी जॉन्सन आणि फॉर्म्युला वनचा चॅम्पियन जेन्सन बटन होते त्यात, गाडी ३९ वी आली पण तिच्या इंजिनाच्या गर्जनेवर पब्लिक फिदा.

प्रश्न : भिया, पीथमपूरला एवढा मोठा ट्रॅक आहे मग तिथे रेस का नाही होत? आपल्यातलं कोणी या रेसींमध्ये गेलंय का? (कॉलेजातला एक वाचक, इंदूर)

उत्तर : तो नॅट्रॅक्सचा ट्रॅक गाड्या तपासायला आहे रे, ११.३ किलोमीटरचा ओव्हल, २०२१ ला सुरू झाला. कललेली वळणं आहेत पण प्रेक्षकांसाठी नाही तो, तेव्हा गेटवर जाऊन वॉचमनशी वाद घालू नकोस. रेस बघायची तर चेन्नई नाहीतर कोइम्बतूर गाठ. आणि गेलेत ना, नारायण कार्तिकेयन २०१० ला नॅसकारच्या ट्रक सिरीजमध्ये (पिकअप ट्रकांच्या रेसमध्ये) धावला, करुण चंडोक २०१२ ला ल मांला, त्याची गाडी ओव्हरऑल सहावी आली. वरच्या काकूंना हे सांग, रामबागेतच आहेत, टीव्हीपण त्यांचा मोठा असेल.