रेल्वेच्या जुन्या डब्यात मुक्कामाला जातोस तर

बुकिंग करण्याआधी एकदा नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) रेल्वे संग्रहालयात जाऊन ये बाप्पा. तिथल्या दोन रुळांमधलं अंतर फक्त 762 मिमी, नेहमीच्या ब्रॉडगेजचं 1676. डब्यापाशी उभा राहिलास की अरुंदपणा कळतो. तसा डबा असेल तर बॅग छोटीच ने.

उन्हाळ्यात नकोच. नागपूरच्या उन्हात दिवसभर तापलेला पत्रा मध्यरात्रीपर्यंत आत भट्टी करतो. डिसेंबर-जानेवारी उत्तम, रजई मात्र ने. संडासाची सोय आधीच विचारून घे. पूर्वी सगळं थेट रुळांवर पडायचं.

रात्री पत्रा निवताना टक्‌टक् वाजतो. पहिल्या खेपेला मी दचकून उठलो होतो. खिडकीचं लाकडी शटर मात्र हिसडू नकोस, जुनं लाकूड महत्प्रयासाने टिकवलेलं असतं. दोन्ही बाजूंचे खटके एकदम दाब आणि हळूच वर सरकव.