लाल भाताबद्दल, सईला

प्रिय सई,

परवा दुकानात लाल तांदळाच्या पिशवीवरची किंमत बघून तू विचारलंस, "हा एवढा पौष्टिक, तर माई पाहुण्यांना पांढराच भात का वाढायची? पाहुणे तिला आवडायचे नाहीत का?" मी तेव्हा नुसतं "तसं नव्हतं गं" म्हणाले. पण ते मनाला लागून राहिलं.

आपल्या गावी, सिंधुदुर्गात, घरात दोन तांदूळ असायचे. सोरटी नाहीतर वालय या वाणाचा लाल, जाडा उकडा, म्हणजे साळीसकट उकडून मग सडलेला, रोजच्या पेजेला आणि जेवणाला. सुरय, म्हणजे न उकडलेला पांढरा, गणपतीला आणि पाहुण्यांना. मे महिन्यात मुंबईची भावंडं यायची, लाल भात बघून नाक मुरडायची. माई लगेच म्हणायची, "थांबा हां, सुरय रांदतंय." मला त्यांच्या ताटाचा हेवा वाटायचा. गड्यांना मात्र कधी कोणी विचारलं नाही की तुम्हाला कुठला हवा. ते मला अजून खटकतं.

पण माईची बाजूही ऐक. तांदूळ जितका सडावा, म्हणजे कांडून त्याचा कोंडा काढावा, तितका पांढरा होतो आणि तितकाच घटतो. जे करायला जास्त कष्ट आणि जास्त धान्य लागतं, ते तिने पाहुण्यांना दिलं.

उकडा करायचा दिवस मला फार आवडायचा. भिजवलेलं भात मोठ्या हंड्यात चुलीवर चढायचं. साळीची तोंडं उकलायला लागली की माई हंडा उतरवायची आणि आम्ही खळ्यात वाळत घातलेल्या भातावरून कोंबड्या हाकायचो. सगळ्या घराला तो उग्र, ओलसर वास. उकडताना कोंड्यातली ब जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात, त्यामुळे नंतर सडलं तरी सगळी जात नाहीत, हे मला कॉलेजात कळलं. कोंडा गेल्याने काय होतं ते आइकमान नावाच्या डच डॉक्टरांनी जावा बेटावर कोंबड्यांवरच पाहिलं होतं: पॉलिश केलेल्या तांदळावर त्यांचे पाय लुळे पडायचे. त्यांना १९२९ साली नोबेल मिळालं.

लाल रंगही दाण्याच्या बाहेरच्या थरातच असतो. गिरणीत फार पॉलिश केलं की रंग जातो आणि त्याबरोबर बरंचसं लोह आणि थोडं जस्तही. मणिपूरच्या चाखाओ या काळ्या तांदळाचा रंगही तसाच बाहेरच्या थरातला, अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, जांभळाच्या फळात असतं तेच. म्हणून फक्त वाण बघून भागत नाही, सडलाय किती तेही बघावं लागतं.

आणि जुनं ते सगळं पौष्टिक, असंही मी तुला सांगणार नाही. आंबेमोहर आणि आजऱ्याचा घनसाळ जुनेच, पण त्यांचं नाव वासासाठी. भात मोकळा होतो की चिकट, हे बरंचसं अमायलोज या स्टार्चवर ठरतं. ते जास्त असलेला भात साधारणपणे सावकाश पचतो. कोंड्यात फायटिक आम्लही असतं, ते लोह नीट अंगी लागू देत नाही. पेजेबरोबर कच्च्या कैरीची फोड घेतली तर क जीवनसत्त्वाने ते लोह जरा बरं शोषलं जातं. माईने हे ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. कैरी दारात होती आणि तिला आवडायची. शिवाय १०० ग्रॅम तांदळात प्रथिनं साताठ ग्रॅमच, कुळथात २२च्या आसपास. उकड्या भातावर कुळथाची पिठी हवीच, ती त्यासाठी.

मी ती पिशवी आणलीय. तुझ्यावर सक्ती नाही, बासमती आहेच. खाणार असशील तर आदल्या रात्री भिजत घालायला सांग, हा शिजायला वेळ घेतो.

आणि पाहुण्यांचं माईलाच विचार, रविवारी फोन येईल तेव्हा. गड्यांचंही विचार. मी तिला ते कधी विचारलेलं नाही.

तुझी,
आई