वस्तरा पारखायचा तो पाठीवरून

प्रिय मित्रा,

दाढीसाठी पहिला वस्तरा कसा निवडावा, असं विचारणारं तुझं पत्र मिळालं, सोबतचे तीन वस्तऱ्यांचे फोटोही पाहिले. तिन्ही फोटोंत मूठ अगदी स्पष्ट आहे आणि पातं अर्धं सावलीत. विकणाऱ्यानं मुठीवर प्रकाश पाडला आणि तुझीही नजर तिथंच खिळली. त्यात तुझा दोष नाही. शिंगाची नितळ मूठ, पात्यावरची सोनेरी नक्षी पाहून माझाही हात असाच पुढे झाला होता. तो माझा पहिला वस्तरा. दिसायला देखणा, पण उजव्या गालावर ठरावीक एका जागी रोज ओढायचा. चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून फिरवून थकलो, धार लावून आणली, तरी ती जागा तशीच. सहा महिन्यांनी एका जाणत्या कारागिरानं तो काचेच्या तुकड्यावर आडवा ठेवला आणि बोटानं दाबून दाखवला. वस्तरा डुलत होता. पातं पिळलेलं होतं आणि त्याची पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड, एका टोकाला जास्त झिजलेली होती. त्या दिवसापासून मी वस्तरा हातात घेतला की आधी पाठ बघतो. तूही हेच कर.

कारण सांगतो. चाकूला धार लावताना कोन हातानं सांभाळावा लागतो. वस्तऱ्याचं तसं नाही. तो दगडावर सपाट झोपवायचा, म्हणजे धार आणि पाठ दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात आणि कोन आपोआप ठरतो. पातं 16 मिलिमीटर रुंद आणि पाठ साडेचार मिलिमीटर जाड असेल, तर धारेचा कोन साधारण 16 अंश येतो. पाठ झिजून बारीक झाली की कोन अरुंद होतो, धार नाजूक होते आणि तिचे कण उडू लागतात. एकाच टोकाला झिजली तर धारच वाकडी लागत जाते. म्हणून जुना वस्तरा घेताना पाठीच्या दोन्ही अंगांना चमकणारा पट्टा पाहा. पट्टा असणारच, तो धार लावल्याची खूण आहे. तो अरुंद आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा असला तर निर्धास्त राहा. एका बाजूला रुंद होत गेलेला असेल, तर नाव कितीही मोठं असो, वस्तरा परत ठेव.

त्यानंतर धारेची रेघ. ती सरळ असावी किंवा किंचित बाहेर फुगलेली असावी. मध्ये आत गेलेली धार दगडाला टोकांवरच टेकते आणि मधला भाग बोथट राहतो. गंजाचे डाग पात्याच्या अंगावर असले तर चालतील, धारेजवळचे खड्डे मात्र चालणार नाहीत. दगडावर पोलाद झिजत जातं आणि एक दिवस धार नेमकी त्या खड्ड्यात येऊन पोचते. शेवटी वस्तरा मिटवून बघ. पातं मुठीच्या दोन्ही पाकळ्यांच्या बरोबर मधोमध उतरलं पाहिजे. ते एका पाकळीला घासत असेल तर दर वेळी मिटवताना धार खराब होईल. सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकच्या मुठीपासून तर लांबच राहा. ते वर्षानुवर्षं विघटत जातं, त्यातून आम्लाची वाफ निघते आणि मिटलेल्या पात्याला आतल्या आत गंज चढतो.

रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. तू पाच अष्टमांश किंवा सहा अष्टमांश घे, म्हणजे सुमारे 16 ते 19 मिलिमीटर. यापेक्षा अरुंद पात्यावर साबणाचा फेस लवकर साचतो. रुंद पातं नाकाखाली वळवताना नवख्याची तारांबळ उडते. टोक गोल असू दे. चौकोनी टोकानं कल्ल्यांची रेघ सुबक येते हे खरं, पण पहिल्या महिन्यात तेच टोक कानाच्या पाळीला लागतं.

आता पात्याच्या पोटाबद्दल, कारण तू हे विचारलंच नाहीस आणि खरी गंमत इथंच आहे. जुने वस्तरे आडव्या छेदात पाचरीसारखे असायचे. जड, भरीव, दाट दाढीवर न डगमगता चालणारे. पुढे पातं दोन्ही बाजूंनी गोल चाकावर पोखरून पोकळ करायची पद्धत आली आणि धारेजवळचं पोलाद इतकं पातळ झालं की नखानं हलकेच छेडलं तरी नाद येतो. असं पूर्ण पोकळ पातं गालावरून जाताना बारीक आवाज करतं. केस कुठं दाट आहेत, कोन कुठं चुकला, हे तो आवाज सांगतो. मला हा आवाज फार आवडतो. पण पोकळ पातं दाबलं की लवतं, आणि नवशिका माणूस दाबतोच. म्हणून पहिला वस्तरा अर्धपोकळ घे. त्यात थोडं वजन असतं, दगडावर तो सांभाळायला सोपा जातो आणि आवाजही अगदीच मुका नसतो.

पोलादाच्या वादात फार गुंतू नकोस. साध्या कार्बन पोलादाला धार चटकन लागते, पण पाणी राहिलं तर गंजही चटकन चढतो. स्टेनलेस गंजाला सहसा दाद देत नाही, दगडावर मात्र जास्त वेळ मागतं. पोलादाला पाणी नीट दिलेलं, म्हणजे ते तापवून नीट कडक केलेलं असेल, तर दोन्ही उत्तम. मी कार्बन वापरतो, दाढी झाली की पुसून कोरडा करतो आणि तेलाचा हात फिरवतो.

नावांचं म्हणशील तर जर्मनीतलं झोलिंगेन, इंग्लंडमधलं शेफील्ड आणि फ्रान्समधलं तिएर ही या कामाची जुनी गावं. शेफील्डला 1740 च्या दशकात बेंजामिन हंट्समननं मुशीत पोलाद वितळवून एकजीव करायची रीत बसवली आणि तिथल्या पात्यांचा दर्जा पालटला. ‘झोलिंगेन’ या नावाला जर्मनीत 1938 पासून कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे पात्याच्या बुडाशी तो खरा शिक्का असेल तर काम तिथलंच आहे एवढं कळतं. आज डोव्हो, बोकर, तिएर-इसार या कंपन्यांचे वस्तरे नवे मिळतात. पण शिक्का पात्याचं कूळ सांगतो. त्या पात्याला धार कुणी आणि कशी लावली, हे तो सांगत नाही.

आणि पैशांची खरी वाटणी इथं ठरते. नवा वस्तरा कारखान्यातून आला म्हणजे दाढीला तयार असतो असं समजू नकोस. घेतानाच विचार, यावर हातानं धार लावली आहे का आणि शेवटचा दगड कुठला होता. दगडाचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक. आधी हजार नंबरच्या दगडावर दोन्ही बाजू धारेशी जुळवतात, मग चार हजार, आठ हजार, आणि शेवटी बारा हजार किंवा त्याच तोडीचा नैसर्गिक दगड. हे काम तू पहिल्या वर्षी स्वतः करू नकोस. जाणकाराकडून करून घे आणि तेवढे पैसे मुठीतून वाचव.

चामड्याचा पट्टा मात्र पहिल्याच दिवशी हवा, कारण दर दाढीआधी त्यावर तीस-चाळीस फेऱ्या माराव्या लागतात. पहिला पट्टा साधा घे, तू त्याला चिरा पाडणारच आहेस. पट्टा ताणून धर, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून सरकव. टोकाशी पोचलास की वस्तरा पाठीवरूनच उलटव. धारेवरून उलटवलास की चामडं कापलं जातं आणि धारही जाते. बघ, इथंही पाठच सांभाळून घेते.

पातं बदलायचा वस्तरा घेऊन आधी सराव करू का, असं तू विचारलं आहेस. नको. त्याचं पातं हलकं, ताठ आणि चुकीला जराही माफी न देणारं असतं. पट्ट्याची सवय तर त्यातून लागतच नाही.

तुझ्या तीन फोटोंपैकी दुसरा वस्तरा मला बरा वाटतो, पण एवढ्यावरून हो म्हणणार नाही. विकणाऱ्याकडून आणखी तीन फोटो मागव: पाठ वरून, धार समोरून, आणि मिटलेला वस्तरा मुठीच्या फटीतून. पाठीच्या फोटोत उजेड तिरपा पडू दे, म्हणजे झिजेचा पट्टा उठून दिसेल. ते आले की लगेच पाठव. तोवर बयाणा देऊ नकोस.

तुझा,
काका