अठरा पूर्ण व्हायच्या आत

ताई, मुलगा तीन वर्षं तुमच्याकडे कोथरूडला प्रतिपालकत्वात (म्हणजे दत्तक न घेता, बाल कल्याण समितीच्या आदेशाने सांभाळायला) आहे, बारावीत आहे, डिसेंबरात त्याला अठरा पूर्ण होतात आणि फोनवर तुम्हाला सांगितलं गेलं की 'मग केस संपली'. हे त्याच्या कानावर कसं घालू, असं तुम्ही विचारलंय. त्याला ते माहीत असणार. आम्ही मुलं ती तारीख दहावीपासून मोजत असतो.

मीही असाच, पर्वती पायथ्याला एका मावशीकडे प्रतिपालकत्वात वाढलो. रक्ताचं नातं काही नाही, मावशी म्हणायचो इतकंच. घर तपासायला सरकारी माणसं यायची त्या गृहभेटीच्या दिवशी पलंगावर ठेवणीतली चादर पडायची आणि घरात शिरा व्हायचा. तो शिरा मला कधी गोड लागला नाही, आज आपण पास की नापास हेच डोक्यात. अठरा झाल्यावर एका टेबलापुढे 'फाइल बंद' हे शब्द ऐकले. येताना स्वारगेटला बसची वाट बघत मी गप्प उभा. मावशीने विचारलं, "रात्री पोळ्या करू का भाकरी?" भाकरी म्हणालो. तो विषय पुन्हा निघाला नाही.

तेव्हा तुम्हीही त्याला समोर बसवून काही समजावू नका. जूनमध्ये कॉलेजला बस परवडेल का सायकल, दिवाळीनंतर त्याच्या खोलीला रंग द्यायचा का, असं पुढच्या तारखांचं त्याच्यादेखत बोला.

आता कायद्याचं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अठरा ते एकवीस वयासाठी आफ्टरकेअर, म्हणजे पायावर उभं राहायला पैशांची वा इतर मदत, आहे, पण त्याची व्याख्या 'संस्थात्मक देखभालीतून बाहेर पडलेले' अशी आहे. म्हणजे बालगृहातला मुलगा त्यात सरळ बसतो, कुटुंबात वाढलेला अडकतो. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतून मुलासाठी मिळणारे महिन्याचे चार हजार अठराला थांबतात, ते याच फटीमुळे पुढे चालू राहत नाहीत. मला हा कायद्यातला सगळ्यात कोता भाग वाटतो: मुलाला घर मिळावं म्हणायचं आणि मिळालं की त्याचं नाव यादीतून उडवायचं. तरी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे लेखी अर्ज द्याच आणि एक प्रत महिला व बालविकास आयुक्तालयात. ते आपल्या पुण्यातच आहे, हातोहात द्या, पोच घ्या. तोंडी 'नाही' म्हणजे काहीच नाही.

कागदांचं मात्र डिसेंबरपर्यंत थांबू नका. बाल कल्याण समितीच्या आदेशाची सही-शिक्क्याची प्रत, जन्मदाखला, तुमच्या पत्त्यावरचं आधार. खरी दमछाक जातीच्या दाखल्याची. वडिलांकडच्या कुणाचा तरी शाळा सोडल्याचा दाखला लागतो आणि तो काढायला कुणी काका-आत्या शोधावे लागतात. समितीचा आदेश चालू असेपर्यंत त्यांच्याकडून पत्र मिळवणं त्यातल्या त्यात सोपं. मी ते सोडून दिलं आणि पुढे दोन वर्षं गावी खेटे घातले. आई-वडील दोघंही नसतील तर अनाथ प्रमाणपत्राचाही अर्ज आत्ताच टाका. २०१८ साली राज्याने अनाथांना १ टक्का समांतर (जातीच्या आरक्षणाहून वेगळं) आरक्षण दिलं, ते याच प्रमाणपत्रावर मिळतं. ते आरक्षण यावं म्हणून धडपडल्या त्या अमृता करवंदे, स्वतः संस्थेत वाढलेल्या.

ज्याचं त्यानेच बोलावं लागतं, म्हणून आणखी एक सांगतो. समितीपुढे जाल तेव्हा त्याला बाहेर बाकावर बसवू नका. मुलाचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं हे कायद्याच्या तिसऱ्या कलमातच आहे. आमच्यासारख्या मुलांचा एक गट आहे, त्यातली मुलं आदल्या दिवशी पाठकोऱ्या कागदावर चार ओळी लिहून नेतात. एकाने फक्त "मला इथेच राहायचंय, क्लास सिंहगड रोडला आहे" एवढंच वाचलं. पुरलं.

दत्तकाचंही कुणीतरी सुचवलंय तुम्हाला. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्रतिपालक कुटुंबासाठी पाच वर्षांची अट दोनवर आणली, त्यामुळे तुमची मुदत भरते. पण मूल कायद्याने दत्तक द्यायला मोकळं ठरलेलं हवं आणि हे सगळं अठराच्या आत. त्याचे वडील हयात आहेत का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. आधी ते कळवा, मग अर्जाचा मसुदा देतो.